एक टक्का डोंगर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ शहराच्या उत्तरेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स नावाचा शिखरसमूह आहे. डोंगराचा एकूण पसारा सुमारे 74,000 एकरांचा. त्याच्या पश्चिम उतारावर स्नोबोल या स्की-केंद्राला परवान्याने दिलेली जागा 777 एकर. 2008 साली तिथल्या संघराज्य अपील न्यायालयाने निकालपत्रात या दोन आकड्यांचा हिशेब मांडला. ती जागा डोंगराच्या जेमतेम एक टक्का भरते, उरलेल्या डोंगरावर जायला, पूजा करायला, औषधी झाडपाला गोळा करायला आदिवासींना कोणी अडवत नाही, मग त्यांच्या धर्माचरणावर भार तो कसला पडला, असा त्या हिशेबाचा रोख होता.

हिशेब चुकलेला नव्हता. नावाहो, होपी, हुआलापाई, हवासुपाई, व्हाइट माउंटन अपाची यांच्यासह तेरा जमाती या डोंगराला पवित्र मानतात, आणि त्यांना असा हिशेब मांडणेच गैर वाटत होते. त्यांच्या लेखी डोंगर हा एक अखंड सजीव देह आहे. देहाच्या एक टक्का भागात विष टोचले तर उरलेला नव्व्याण्णव टक्के निरोगी आहे, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही.

वाद वरवर पाहता बर्फाचा, पाण्याचा आणि पैशाचा होता. त्याच्या तळाशी मात्र धर्मविचारातला जुना प्रश्न होता. पवित्रता जागेत वसते का? वसत असेल, तर तिला क्षेत्रफळ असते का? नकाशाशास्त्राने या प्रश्नाला कधी हात घातलेला नाही. पण हाती चांगला नकाशा असलेल्या माणसाला याचे उत्तर आपल्याजवळ आहे, असे सहज वाटू लागते.

तो नकाशा चांगला आहे, यात शंका नाही. अमेरिकेचे भूशास्त्रीय सर्वेक्षण खाते 1879 साली स्थापन झाले. त्याचे दुसरे संचालक जॉन वेस्ली पॉवेल यांनी यादवी युद्धात उजवा हात गमावला होता आणि त्यानंतर, 1869 मध्ये, लाकडी होड्यांतून कोलोरॅडो नदीवर उतरून ग्रँड कॅन्यन पार केला होता. साऱ्या देशाचे एकाच पद्धतीने स्थलनिर्देशक नकाशे झाले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह 1884 साली काँग्रेसने मान्य केला. सुरुवातीचे सर्वेक्षक खेचरांवर सामान लादून शिखर गाठत, तिपाईवर प्लेन टेबल मांडत, दुर्बिणीतून समोरच्या सुळक्यांचा वेध घेत आणि तिथेच उभ्या उभ्या समोच्च रेषा काढत. पुढे विमानातून घेतलेली छायाचित्रे आली. शेजारशेजारची दोन चित्रे यंत्रात एकत्र पाहिली की डोंगर उठावात दिसे आणि कचेरीत बसून रेषा ओढता येई.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 1:24,000 प्रमाणावर मुख्य भूमीची पन्नास हजारांहून जास्त पत्रके तयार झाली. त्यांवर एक इंच म्हणजे जमिनीवरचे 2,000 फूट. सह्याद्रीतले ट्रेकर ज्याला टोपोशीट म्हणतात, त्याचेच हे अमेरिकी भावंड. समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, जंगल हिरवे, माणसाने बांधलेले ते काळे. डोंगराळ भागात लगतच्या दोन रेषांमधले उंचीचे अंतर बहुधा 40 फूट धरलेले असते.

आता लायडार आले आहे. विमानातून लेसरचे झोत सोडतात, ते जमिनीवरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात आणि दर चौरस मीटरला किमान दोन बिंदूंची उंची नोंदवतात. पानांवरून, फांद्यांवरून परतलेले बिंदू गाळून टाकले की खालचा मातीचा चेहरा उरतो. तंत्रज्ञ त्याला 'बेअर अर्थ' म्हणतात. पाँडेरोसा पाइनचे अख्खे रान पडद्यावरून पुसले जाते आणि त्याखालच्या जुन्या पायवाटा, लाव्ह्याच्या कडा, ओढ्यांची पात्रे स्पष्ट दिसू लागतात.

सॅन फ्रान्सिस्को पीक्सचे असे चित्र पाहिले की बरेच काही कळते. हम्फ्रीज पीक 12,633 फूट, राज्यातले सर्वात उंच शिखर. हा डोंगर म्हणजे एका मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला भाग. मूळ शिखर याहून हजारो फूट उंच असावे, असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो भाग नाहीसा झाला आणि मधोमध 'इनर बेसिन' ही ईशान्येकडे उघडणारी दरी राहिली. 1889 साली क्लिंटन हार्ट मेरियम या निसर्गशास्त्रज्ञाने याच डोंगराच्या परिसरात काम करून उंचीनुसार झाडे आणि प्राणी कसे बदलत जातात, याची जीवपट्ट्यांची मांडणी केली. पायथ्याच्या वाळवंटातून शिखराकडे जाणे म्हणजे मेक्सिकोतून कॅनडाच्या उत्तरेकडे जाण्यासारखे आहे, हा विचार त्यातून रुजला. उंचीचे आकडे खरे ज्ञान देतात, हे या डोंगरानेच सिद्ध केले.

याच नकाशांच्या आधारे माणसांचे जीव वाचतात. जून 2010 मध्ये डोंगराच्या पूर्व उतारावर शुल्झ वणव्याने सुमारे 15,000 एकर जंगल जाळले. महिनाभरात पावसाळी ढग फुटले आणि जळक्या उतारावरून आलेल्या लोंढ्यात बारा वर्षांची एक मुलगी वाहून गेली. त्यानंतरच्या वणव्यांत, कोणत्या घळीतून पाणी कुठल्या वस्तीवर उतरेल याचे अंदाज उताराच्या नकाशांवरून बांधले गेले. तेव्हा मोजमाप विरुद्ध श्रद्धा असा सोपा सामना इथे नाही. आदिवासी जमातींच्या स्वतःच्या कचेऱ्यांतही नकाशे असतात, संगणक असतात आणि ते वापरणारी तज्ज्ञ माणसे असतात.

अडचण नकाशाच्या गृहीतकात आहे. समोच्च रेषेला जागेचा कोणताही बिंदू दुसऱ्या बिंदूइतकाच असतो. फरक असलाच तर अक्षांश, रेखांश आणि उंची यांचा. लांबी, रुंदी आणि खोली हेच भौतिक वस्तूचे सार, असे सतराव्या शतकात देकार्तने सांगितले होते. टोपोशीट म्हणजे त्या तत्त्वज्ञानाची छापील प्रत म्हणता येईल. त्यात देवाला बंदी नाही. फक्त त्याच्यासाठी रंग ठरवलेला नाही.

तरुणपणी कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे भारतीय दर्शने शिकलेले रुमानियन धर्मअभ्यासक मिर्चा एलियाद यांनी 1957 मध्ये नेमकी उलट बाजू मांडली. धार्मिक माणसाला जागा एकजिनसी नसते, असे ते म्हणतात. तिच्यात खिंडारे असतात, काही ठिकाणी दुसऱ्या जगाचा शिरकाव झालेला असतो, आणि अशा ठिकाणावरूनच बाकीच्या जगाला दिशा मिळते. अमेरिकी अभ्यासक जोनाथन झी. स्मिथ यांना हे पटले नाही. जागा आधीपासून पवित्र नसते, माणसांचे लक्ष आणि विधी तिला पवित्र करतात, ही त्यांची भूमिका. दोघांत मतभेद मोठा, पण एका बाबतीत दोघांचेही सांगणे सारखे ठरते. पवित्रता तोलायची तर तिथे काय घडते ते पाहावे लागते. एकर मोजून ती कळत नाही.

तिसरा आवाज स्टँडिंग रॉक सू जमातीचे विचारवंत वाइन डिलोरिया यांचा. 1973 साली आलेल्या 'गॉड इज रेड' या पुस्तकात त्यांनी पाश्चात्त्य धर्म काळाभोवती आणि आदिवासी धर्म जागेभोवती रचलेले आहेत, असा भेद केला. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा म्हणजे सृष्टीची उत्पत्ती, येशूचा जन्म, त्याचे बलिदान, अंतिम न्याय ही घटनांची मालिका. ती कथा बॉस्टनच्या चर्चमध्ये सांगितली काय किंवा वसईच्या, तिचे काही बिघडत नाही. डोंगरावर उभा असलेला धर्म मात्र दुसऱ्या डोंगरावर नेता येत नाही. भेद जरा ढोबळ आहे, जेरुसलेमचे काय असे कोणीही विचारील. तरीही अमेरिकी न्यायालयांतले अर्धे गैरसमज या एका भेदाने उलगडतात.

नावाहोंच्या भूमीला चार दिशांना चार पवित्र पर्वत आहेत. पूर्वेला ब्लांका पीक, दक्षिणेला माउंट टेलर, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स आणि उत्तरेला हेस्परस. या चार पर्वतांच्या मातीची पुरचुंडी नावाहो वैदूंच्या संस्कारांत जपलेली असते. तिच्याविना कित्येक विधी होत नाहीत. होपींच्या श्रद्धेनुसार कात्सिना हे पाऊस आणणारे आत्मे वर्षाचा काही काळ याच शिखरांवर राहतात आणि उरलेला काळ गावांत येतात. कोरडवाहू वाळूत मका पिकवणाऱ्या होपींचा सारा संसार त्या पावसावर. गावाच्या गच्चीवरून सूर्य क्षितिजाच्या कोणत्या खाचेत मावळतो किंवा उगवतो, हे पाहून पेरणीचे आणि विधींचे दिवस ठरवण्याची त्यांची परंपरा अभ्यासकांनी तपशिलाने नोंदवली आहे. म्हणजे डोंगराची कडा इथे पंचांगाचे काम करते. नकाशात डोंगर वरून दिसतो, होपींना तो समोरून दिसतो, आणि त्यांचा धर्म त्या समोरून दिसणाऱ्या रूपाशी बांधलेला आहे.

या डोंगरावर सरकारी रेषा एकामागून एक आल्या. 1898 मध्ये राखीव जंगल, 1908 मध्ये कोकोनिनो राष्ट्रीय वन, ज्याचा आजचा विस्तार सुमारे 18 लाख एकर आहे. 1938 मध्ये स्की-केंद्र. 1984 मध्ये काँग्रेसने शिखराभोवतीचे 18,616 एकर 'कचिना पीक्स' नावाने अभयारण्यासारखे राखले. नाव दिले होपींच्या पर्जन्यदेवतांचे, आणि हद्द आखताना स्की-केंद्राची जागा नेमकी बाहेर ठेवली.

दुसऱ्या उतारावर प्युमिस या सच्छिद्र दगडाची खाण होती. या दगडाने धुऊन जीन्सना जुनेपणाचा रंग आणला जात असे. पवित्र डोंगर पोखरून कपडे विटवायचे, हे जमातींना असह्य होते. बरीच वर्षे झगडल्यावर ऑगस्ट 2000 मध्ये अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी खाणमालकांना 10 लाख डॉलर देऊन ती बंद करवली. कायद्याने जे साधले नव्हते ते वाटाघाटीने साधले.

मग आले नकली बर्फाचे प्रकरण. स्नोबोलला कोरड्या हिवाळ्यात पुरेसे हिम मिळेना. 2005 मध्ये वनखात्याने तिथे फ्लॅगस्टाफच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळणाऱ्या पाण्यापासून बर्फ बनवायला परवानगी दिली. जवळजवळ पंधरा मैलांची पाइपलाइन आणि दिवसाला 15 लाख गॅलनपर्यंत पाणी. हे पाणी राज्याच्या नियमांनी उत्तम दर्जाचे ठरत होते. पण त्यात इस्पितळांचे आणि शवागारांचे सांडपाणीही मिसळलेले. मृताच्या स्पर्शाबाबत नावाहो अत्यंत काटेकोर असतात. त्या पाण्याचा बर्फ डोंगरावर पडला की माती, झाडपाला, झरे यांतून गोळा केलेले कोणतेच औषध शुद्ध राहणार नाही, असे त्यांच्या वैदूंनी शपथेवर सांगितले.

2007 मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने जमातींच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती विल्यम फ्लेचर यांनी ख्रिस्ती वाचकाला समजेल असे उदाहरण दिले: बाप्तिस्म्यासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरा, असा हुकूम सरकारने काढला तर काय वाटेल? पुढच्याच वर्षी मोठ्या पीठाने हा निर्णय फिरवला. कोणतेही झाड, झरा, देवस्थान वा विधी यांना प्रत्यक्ष भौतिक इजा होत नाही; परिणाम होतो तो भाविकांच्या मनातल्या भावनेवर, आणि तेवढ्याने 1993 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यातला 'मोठा भार' सिद्ध होत नाही, असे बहुमत म्हणाले. फ्लेचर यांनी विरोधी मत नोंदवले. जून 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि 2012 च्या हिवाळ्यात बर्फाची यंत्रे सुरू झाली.

या निकालाचे मूळ वीस वर्षे मागे, कॅलिफोर्नियाच्या सिक्स रिव्हर्स राष्ट्रीय वनात आहे. यूरोक, कारुक आणि टोलोवा जमातींचे साधक तिथल्या उंच कड्यांवर एकांतात जाऊन शक्ती मिळवतात. लाकडाच्या वाहतुकीसाठी त्या भागातून सहा मैलांचा रस्ता नेऊन दोन गावे जोडायचा बेत होता. वनखात्याने स्वतःच नेमलेल्या अभ्यासगटाने 1979 मध्ये रस्ता करू नका असे सांगितले. खात्याने ते बाजूला सारले आणि देवस्थानांपासून अंतर राखून रस्त्याची आखणी केली. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू मान्य केली. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी या रस्त्याने त्या धर्माचरणाची धूळधाण होऊ शकेल हे नाकारले नाही. तरीही जमीन सरकारची आहे, आणि आपल्या जमिनीचा वापर कसा करावा हे सरकारने प्रत्येक नागरिकाच्या आध्यात्मिक गरजेनुसार ठरवावे अशी अपेक्षा राज्यघटना करत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतर 1990 मध्ये काँग्रेसने तो पट्टा अभयारण्यात घातला आणि रस्ता कायमचा अर्धवट राहिला. न्यायालयात हरलेली बाजू संसदेत जिंकली.

सरकारी जमिनीचा वापरच अडून बसेल, या न्यायाधीशांच्या भीतीला हसून उडवता येणार नाही. अमेरिकेत सरकारमान्य जमातीच 570 हून अधिक आहेत. पश्चिमेकडे असा डोंगर विरळा जो कुणाला पवित्र नाही. पवित्रतेला कडा नाही असे एकदा मानले, तर सार्वजनिक जमिनीच्या प्रत्येक वापरावर कोणालाही नकाराधिकार मिळेल. मग धनगराने मेंढ्या कुठे न्याव्यात, फ्लॅगस्टाफने पाणी कुठून आणावे, वणवा विझवायला विमान कुठून उडवावे? शिवाय राज्यसंस्थेने एका श्रद्धेचा भूगोल सर्वांवर लादू नये, हे धर्मनिरपेक्षतेचे साधे तत्त्व आहे.

पण या भीतीवर क्षेत्रफळ हे उत्तर नव्हे. एक टक्क्याचा हिशेब न्याय्य वाटतो कारण तो सर्वांना सारखा लागू होतो. प्रत्यक्षात तो फक्त त्याच धर्मांना झेपतो, ज्यांची पवित्र वास्तू चार भिंतींत मावते. चर्चला सात-बारा असतो, पर्जन्यदेवतेला नसतो. तटस्थ दिसणारी मोजपट्टी इथे एका विशिष्ट धर्मप्रकाराची बाजू घेते, आणि हा या खटल्यातला मूळ अन्याय आहे.

मग विचारायचे काय? विधीला काय लागते, हे विचारता येते, आणि तसे विचारल्याची उदाहरणे आहेत. वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवर या उभ्या खडकावर गिर्यारोहक चढतात आणि मैदानी जमाती त्याच्या पायथ्याशी उपासना करतात. राष्ट्रीय उद्यान सेवेने 1995 मध्ये हद्द आखली नाही, वेळ आखली. जून महिन्यात, जेव्हा सूर्यनृत्यासारखे विधी होतात, गिर्यारोहकांनी आपणहून चढाई टाळावी, असे आवाहन केले. बहुसंख्यांनी ते पाळले. व्यावसायिक मार्गदर्शकांवरची सक्ती न्यायालयात टिकली नाही, पण ऐच्छिक विनंती टिकली. एक एकर जमीनही कुणाकडून काढून घ्यावी लागली नाही.

न्यू मेक्सिकोतल्या माउंट टेलरवर वेगळी वाट निघाली. युरेनियमच्या खाणी परत सुरू होण्याची चिन्हे दिसताच आकोमा, लगुना, झुनी, होपी आणि नावाहो या पाच जमातींनी एकत्र येऊन डोंगराची राज्याच्या सांस्कृतिक वारशात नोंद मागितली. 2009 मध्ये ती मिळाली आणि 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, सेबोयेटा जमीनदानाची सामायिक जमीन वगळून, ती कायम केली. या नोंदीची हद्द सुमारे 4 लाख एकरांची. म्हणजे जमातींनी रेषा स्वीकारली, पण इतकी मोठी की डोंगर तिच्यात अखंड राहील. तिच्यामुळे खाणीवर आपोआप बंदी येत नाही. काही करण्याआधी त्यांच्याशी बोलावे लागते.

यात एक पेच उरतोच. पवित्र जागा सिद्ध करायची तर ती नकाशावर दाखवावी लागते, आणि कित्येक होपी वा झुनी विधींच्या जागा बाहेरच्यांना सांगणे हाच धर्मभंग असतो. दाखवली तर विटते, लपवली तर पुरावा नाही. 2008 च्या शेतीविषयक कायद्यात काँग्रेसने वनखात्याला अशी माहिती गुप्त ठेवण्याची मुभा दिली, तो या पेचावरचा अर्धा उपाय. झुनींनी आणखी एक मार्ग शोधला. झुनी गावातल्या संग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख जिम ईनोट यांनी जमातीतल्या चित्रकारांकडून नकाशे रंगवून घेतले. त्यांत उत्तर दिशा वर असलीच पाहिजे असे नाही, प्रमाणपट्टी नाही, पण पूर्वजांचा प्रवास आहे. कुठे काय आहे हे ज्याला कळायला हवे त्याला कळते.

जुन्या सर्वेक्षकांना भव्यतेचे वावडे होते असेही नाही. या शिखरांच्या उत्तरेला ग्रँड कॅन्यनच्या नकाशावर विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल अशी नावे आहेत. भूशास्त्रीय खात्याचे कॅप्टन क्लॅरेन्स डटन 1880 च्या दशकाच्या आसपास तिथले थर मोजत होते. खडकांचे देवळासारखे चढत गेलेले टप्पे पाहून त्यांनी पौर्वात्य देवांची नावे द्यायचा पायंडा पाडला. दरीच्या तळाच्या अतिप्राचीन खडकालाही 'विष्णू' हेच नाव भूशास्त्रात रूढ झाले. मराठी पर्यटक फलक पाहून हरखतो. मात्र जिथे हे नामकरण झाले, ती दरी होपींच्या श्रद्धेत माणसे या जगात वर आली ती जागा आहे, आणि हवासुपाई तिथे आजही राहतात. डटन यांना दैवी काहीतरी दिसले, एवढे नक्की. ते कोणाचे, हे तिथल्या लोकांना विचारावेसे त्यांना वाटले नाही.

फ्लॅगस्टाफमध्ये नकाशे फक्त पृथ्वीचे होत नाहीत. 1963 पासून या शहरात भूशास्त्रीय खात्याची खगोल-भूशास्त्र शाखा आहे; अपोलो मोहिमांसाठी चंद्राचे नकाशे इथे तयार झाले आणि अंतराळवीरांनी शेजारच्या ज्वालामुखी प्रदेशात सराव केला. शाखेचे संस्थापक यूजीन शूमेकर 1997 मध्ये वारले. त्यांच्या अस्थी घेऊन गेलेले 'लूनर प्रॉस्पेक्टर' यान 1999 मध्ये चंद्रावर आदळवण्यात आले. चंद्र आम्हाला पवित्र आहे, तिथे मृताचे अवशेष नेऊ नका, असा आक्षेप नावाहो राष्ट्राचे तेव्हाचे अध्यक्ष आल्बर्ट हेल यांनी घेतला होता. नासाने दिलगिरी व्यक्त केली. काही ग्रॅम राख चंद्राच्या किती टक्के, असे तेव्हा कोणी विचारले नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही असाच प्रश्न आला होता. ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटची खाण करायची होती आणि देवस्थान खाणीच्या जागेपासून दूर आहे, असा युक्तिवाद होत होता. 18 एप्रिल 2013 च्या निकालात न्यायालयाने अंतर मोजण्याचे काम स्वतःकडे घेतले नाही; तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या उपासनेच्या हक्काला बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे असे सांगितले. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. आमचा देव नियमराजा एका टेकाडावर बसत नाही, सारा डोंगरच त्याचा, असे लोकांनी सभांमध्ये सांगितले. भारतीय कायद्यात वनहक्कांचा आधार होता, अमेरिकेत तो नाही, हा फरक मोठा आहे. तरीही प्रश्न कोणाला विचारायचा, याचे उत्तर त्या निकालात आहे.

अमेरिकेत पुढचे प्रकरण ॲरिझोनातल्याच टोंटो राष्ट्रीय वनाचे. ओक फ्लॅट हे पठार अपाचींच्या मुलींच्या वयात येण्याच्या संस्काराची जागा. 2014 च्या एका कायद्याने तिथली 2,422 एकर जमीन तांब्याच्या खाणीसाठी अदलाबदलीत देण्याचे ठरले. खालचे खनिज काढल्यावर वरची जमीन खचून सुमारे 1.8 मैल रुंद आणि 1,000 फूट खोल खड्डा पडेल, असे सरकारी अहवालच सांगतो. नकाशावर त्या जागी आतल्या बाजूने दातेरी रेषा येतील, कारण खळगा तसाच दाखवतात. मार्च 2024 मध्ये अपील न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी 1988 च्या निकालाचाच आधार घेतला. 27 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी असहमती नोंदवताना विचारले की, एखादे ऐतिहासिक कॅथीड्रल पाडायचे असते तर हेच चालले असते का? न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस त्यांच्याशी सहमत होते.

इथे एक टक्क्याचाही प्रश्न उरत नाही. जागाच नाहीशी होते, आणि तरी कायद्याला भार दिसत नाही. क्षेत्रफळ हे खरे कारण कधीच नव्हते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

न्यायालयीन पायंडे बदलायला पिढ्या लागतात. पण एक गोष्ट त्याहून सोपी आहे. सरकारी जमिनीवरील पवित्र स्थळांबाबत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी मे 1996 मध्ये काढलेला आदेश आजही खात्यांच्या कामकाजाचा आधार आहे. पवित्र स्थळ म्हणजे विशिष्ट, सुटे आणि काटेकोर हद्दीत बसवलेले ठिकाण, अशी त्याची व्याख्या. वनखाते ज्याच्या अखत्यारीत येते त्या कृषी खात्याने 2012 मध्ये स्वतःच्या धोरणाचा आढावा घेतला, तेव्हा ही व्याख्या जमातींच्या दृष्टीला अपुरी पडते, हे खुद्द त्या अहवालातून पुढे आले. व्याख्येतली हद्दीची अट काढून तिथे जमातीचे म्हणणे आणि विधीची गरज यांना स्थान द्यायला हवे. त्याने स्नोबोलचा निकाल उलटणार नाही, पण पुढच्या डोंगराची चर्चा वेगळ्या प्रश्नाने सुरू होईल. आणि असा आदेश बदलायला ना काँग्रेसचे मतदान लागते, ना न्यायालयाचा निकाल. राष्ट्राध्यक्षांची एक सही पुरते.